जुन्या मोटारसायकलीचा गियरबॉक्स : बिघाड ओळखावा कसा ?

गोठ्यांतील बैल लंगडूं लागला तर जाणता शेतकरी त्याला लागलीच बाजारीं नेत नाहीं. तो आधीं पाय उचलून पाहतो, खुरांत कांटा आहे कीं खडा आहे तें बोटानें चांचपतो, सांधा गरम लागतो कीं काय तें पाहतो, आणि मगच औषधाचा किंवा विक्रीचा विचार करतो. परंतु तोच शेतकरी आपली मोटारसायकल कुरकुरूं लागली कीं ती ढकलीत तालुक्याच्या गांवीं नेतो, मिस्त्री सांगेल तो शब्द प्रमाण मानतो आणि मागेल ती रक्कम मोजून परत येतो. जनावराविषयीं जी चिकित्सक बुद्धि आपण बाळगतों ती यंत्राविषयीं बाळगीत नाहीं. यंत्राचें पोट आपणांस दिसत नाहीं व त्याची भाषा आपणांस कळत नाहीं, अशी आपली समजूत आहे. ही समजूत खरी नव्हे, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रस्तुत लेखक इंजिनियर नव्हे. मराठी शाळेंत जें कांहीं शिकलों त्यावर महसूल खात्यांत कारकुनी केली, आणि निवृत्तीनंतर वडिलार्जित भातखाचरें पाहूं लागलों. आमच्या घरीं थोरल्या बंधूंनीं १९८४ सालीं घेतलेली एक येझदी २५० आहे. बंधु आतां हयात नाहींत. गाडी मात्र आहे. तिच्या गियरबॉक्सनें गेल्या वर्षीं आम्हांस जो धडा दिला तो इतर बांधवांच्या उपयोगीं पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडीचें कूळ

'जावा' हें नांव यानेचेक व वाँडरर या दोन नांवांच्या आद्याक्षरांवरून झालेलें आहे. फ्रान्टिशेक यानेचेक या चेक कारखानदारानें जर्मनींतील वाँडरर कंपनीची मोटारसायकल करण्याचे हक्क घेऊन १९२९ सालीं हा धंदा आरंभिला. आपल्या देशांत म्हैसूर येथील आयडियल जावा या कारखान्यांत १९६१ पासून या गाड्या होऊं लागल्या. पुढें १९७० नंतरच्या दशकांत त्यांस येझदी हें नांव मिळालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. जावा हें नांव २०१८ सालीं व येझदी हें नांव २०२२ सालीं पुन्हां बाजारांत आलें. परंतु या नव्या गाड्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या व सहा गियरांच्या असून त्यांचा कोणताहि गियर आपल्या जुन्या दोन-स्ट्रोक, चार गियरांच्या गाडीस बसत नाहीं. सुटा भाग घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आज ज्या गाड्यांस 'डर्ट बाइक' म्हणतात, म्हणजे ज्या चिखलमातींतून व दगडधोंड्यांतून धांवतात, त्यांच्याशीं या कुळाचा जुना संबंध आहे. १९४७ सालीं झ्लीन येथें भरलेली सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी चेकोस्लोव्हाकियाच्या संघानें जिंकली. जावाचेंच भावंड म्हणावें अशा चेझेट गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेर यानें १९६४ सालीं २५० सी. सी. वर्गांतील मोटोक्रॉस शर्यतीचें जगज्जेतेपद मिळविलें. सारांश, ही जात चिखलाला भिणारी नव्हे. तथापि शर्यतीच्या गाडीला प्रत्येक शर्यतीनंतर उघडून तपासणारे हात असतात. आपल्या गाडीला तसे नसतात. बांधावरून, ओढ्यांतून, मागें खताचें पोतें बांधून आपण तीच कसोटी तिला वर्षभर देतों, आणि तपासणी मात्र ती बंद पडेल तेव्हां करतों.

गियरबॉक्सच्या पोटांत काय असतें

उसाचा जुना चरक ज्यांनीं पाहिला आहे त्यांना दांत्यांत दांते अडकून एक लाट दुसरीला कशी फिरविते हें सांगावयास नको. गियरबॉक्समध्यें तेंच तत्त्व आहे. लहान चाकानें मोठें चाक फिरविलें तर वेग कमी व जोर अधिक. चाकें जसजशीं बरोबरीचीं होत जातात तसतसा जोर कमी व वेग अधिक. चढावर पहिला-दुसरा गियर व सपाटीवर चवथा, याचें कारण हेंच.

आंतील चक्रांना परिघावर दांते असतात तसेच कांहींच्या बगलेला जाड खुंटे असतात, व शेजारच्या चक्राला त्या खुंट्यांसाठीं खांचा असतात. आपण पायानें दांडा हलविला कीं आंतील दुबेळक्याच्या आकाराचा फोर्क एका चक्राला बाजूस सरकवितो, त्याचे खुंटे शेजारच्या खांचांत शिरतात आणि दोन्हीं चक्रें एकजीव होतात. खुंटा खांचेंत पुरता शिरला तर गियर घट्ट राहतो. अर्धाच शिरला तर जोर येतांच बाहेर निसटतो. ही एक गोष्ट वाचकांनीं पक्की लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर अवलंबून आहे.

जावा-येझदींत किक व गियर यांस मिळून डावीकडे एकच दांडा आहे; तो आंत दाबून फिरविला म्हणजे किक होतो. दांडा हलवितांच क्लच आपोआप सुटावा अशीहि योजना आंत आहे. क्लच आणि गियर एकाच तेलांत बुडालेले असतात. इंजिनासाठीं पेट्रोलमध्यें मिसळावयाचें तेल निराळें व हें तेल निराळें. पेट्रोलांत तेल घातलें म्हणजे गियरबॉक्सचीहि सोय झाली, असें समजणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत; त्यांच्या गाड्यांचें काय झालें तें सांगणें नको.

आमच्या गाडीची हकीकत

गेल्या आषाढांत माझा पुतण्या युरियाचें पोतें मागें बांधून ओढ्यापलीकडील चढ चढत होता. दुसरा गियर अकस्मात् सुटला, इंजिन मोकळें ओरडूं लागलें, आणि गाडी मागें घसरून चिखलांत आडवी झाली. मुलाचा घोटा तिच्याखालीं सांपडला. सहा आठवडे प्लास्टर. ऐन लावणींत घरचा कर्ता हात अडकला. मी त्याला धीर देण्याऐवजीं रागें भरलों. "गियर नीट टाकतां येत नाहीं तर दादाच्या गाडीला हात लावूं नये," असें मीं चारचौघांत म्हटलें. तो कांहीं बोलूं लागला होता, तें मीं ऐकून घेतलें नाहीं. पाय बरा झाल्यावरहि त्यानें गाडीला हात लावला नाहीं, आणि माझ्याशींहि तो कामापुरतेंच बोलूं लागला.

तालुक्याच्या एका मिस्त्रीनें गाडी न उघडतां, न चालवितां सांगितलें कीं, गियरांचा सबंध संच बदलावा लागेल. त्यानें सांगितलेली रक्कम आमच्या दहा पोतीं भाताच्या किंमतीची होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, भंगारांत घाला ती. माणूस गेला, आतां गाडी कशाला संभाळायची ?" मी गाडी परत आणली व गोठ्याच्या कोपऱ्यांत उभी केली.

आश्विनांत एकदां मलाच त्या चढानें जावें लागलें. पहिल्यावरून दुसरा टाकला, मूठ पिळली, आणि तोच गियर तसाच सुटला. मी हळू होतों म्हणून पडलों नाहीं. पण त्या क्षणीं एवढें कळून चुकलें कीं दोष मुलाचा नव्हता.

आधीं पंचनामा, मग निकाल

कचेरींत अनेक वर्षें बसून एक गोष्ट शिकलों होतों : जागेवर जाऊन पंचनामा केल्याशिवाय निकाल लिहूं नये. मीं एक वही केली व आठ दिवस रिकामी गाडी निर्जन वाटेवर चालवून नोंदी ठेविल्या. रकाने येणेंप्रमाणें होते : कोणता गियर सुटला, तो खालच्या गियरवरून वर चढवून टाकला होता कीं वरच्यावरून खालीं आणला होता, त्या वेळीं मूठ पिळलेली होती कीं सोडलेली, चढ, उतार कीं सपाटी, इंजिन थंड कीं तापलेलें.

आठ दिवसांत सात नोंदी झाल्या. सहा वेळां दुसरा गियर सुटला, एकदां तिसरा. सातहि वेळां मूठ पिळलेली होती. यांत नवल नव्हतें. परंतु दुसऱ्या रकान्यानें माझे डोळे उघडले. सातहि वेळां गियर खालून वर चढविलेला होता. तिसऱ्यावरून खालीं आणलेला दुसरा गियर एकदांहि सुटला नाहीं. त्याच चढावर, त्याच मुठीवर तो घट्ट राहिला.

आतां विचार करा. दुसऱ्या गियरचे खुंटेच झिजलेले असते तर तो खालून आला काय किंवा वरून आला काय, सारखाच सुटावयास पाहिजे होता. ज्या अर्थीं तो एका वाटेनें आला असतां टिकतो व दुसऱ्या वाटेनें आला असतां सुटतो, त्या अर्थीं दोष मुख्यतः गियरांत नसून त्या वाटेंत असला पाहिजे. म्हणजे त्या बाजूस दांडा पुरता जात नसला पाहिजे.

गाडी स्टँडवर उभी करून इंजिन बंद ठेविलें. पुतण्याला हांक मारली, तो आला. त्यानें मागचें चाक हातानें हळूहळू फिरवावें व मीं दांडा हलवावा, असें आम्हीं केलें. दांडा वर चढविण्याच्या बाजूस नेला तेव्हां त्याची वाट मध्येंच अडते असें दिसलें. डावा फुटरेस्ट वांकला होता व त्याचें लोखंड दांड्याच्या आड येत होतें. मीं दोहोंमध्यें कागदाचा कपटा धरला. दांडा दाबतांच कपटा चिमटींत धरावा तसा घट्ट धरला गेला. दांड्याची वाट तेथेंच संपत होती, आणि आंत खुंटा खांचेंत अर्धाच शिरत होता.

फुटरेस्ट वांकला कधीं, हा प्रश्न मला कोणाला विचारावा लागला नाहीं. माघांत जत्रेहून परततांना बांधावर गाडी माझ्याच हातून डाव्या अंगावर पडली होती. कोणी पाहिलें नाहीं म्हणून मीं घरीं सांगितलें नाहीं. पुतण्या एवढेंच म्हणाला, "काका, मीं त्या दिवशीं हेंच सांगत होतों, दांडा पुरता जात नाहीं म्हणून."

फुटरेस्ट सोडवून आमच्या लोहाराकडे नेला. त्यानें भट्टींत लाल करून सरळ करून दिला. तो परत बसविला, कागदाचा कपटा दांडा व फुटरेस्ट यांमधून मोकळा जातो याची खात्री केली, आणि त्याच चढावर, आधीं रिकामी व मग तेवढ्याच वजनाची गाडी चढविली. गियर सुटला नाहीं. मात्र माघ ते आश्विन गियर अर्धवट पडत राहिल्यामुळें खुंट्यांच्या कडा थोड्या तरी गेल्या असल्या पाहिजेत. तेल काढलें तेव्हां त्यांत पोलादाचे चारदोन बारीक कपचे मिळाले. तो माझ्या मौनाचा दंड होय. माझें चुकलें, असें मीं पुतण्याला वहिनींच्या समोर सांगितलें. आतां गाडी तोच चालवितो.

इतर लक्षणें व त्यांचें निदान

आमचा रोग बाहेरचा निघाला, म्हणून सर्वांचा तसाच निघेल असें नव्हे. यास्तव निदानाचा क्रम सांगतों. स्वस्त व बाहेरचें तें आधीं, महाग व आंतलें तें शेवटीं, हा त्याचा मूलमंत्र.

१. तेल. गाडी दहा मिनिटें चालवून तेल कोमट झालें म्हणजे खालचा बोल्ट सोडून तें स्वच्छ पांढऱ्या भांड्यांत काढावें. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. ओढ्यांतून गाडी घातल्यास किंवा जोराच्या फवाऱ्यानें धुतल्यास असें होतें. तेवढ्यासाठीं स्वस्त पातळ तेल घालून इंजिन कांहीं मिनिटें मंद चालवावें, तें काढून टाकावें, व मग चांगलें तेल भरावें. तेलांत लोहचुंबक फिरवावा. करड्या रंगाची मऊ भुकटी चिकटली तर ती नेहमींची झीज होय. कपचे किंवा तुकडे चिकटले तर दांते अथवा खुंटे तुटत आहेत.

तेलाला पेट्रोलचा वास येत असेल व तें वाढलेलें दिसत असेल, किंवा उलट बाहेर गळती नसतां तेल कमी होऊन सायलेन्सरमधून दाट धूर येत असेल व प्लग वारंवार तेलकट होत असेल, तर क्रँकच्या डाव्या बाजूचें ऑइल सील गेलें आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाचा खालचा भाग श्वासासारखा आंत-बाहेर ओढतो. सील फाटलें कीं तो गियरबॉक्समधील तेल पिऊं लागतो. हा रोग पुष्कळ वेळां पिस्टनच्या माथीं मारला जातो.

भरावयाचें तेल गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जाडीचेंच असावें. क्लच त्याच तेलांत असल्यामुळें मोटारगाडीसाठीं केलेलें अति निसरडें तेल घातल्यास क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण असलेलें तेल ओल्या क्लचसाठीं असतें.

२. क्लच. न्यूट्रल सांपडत नाहीं, गियर टाकतांना खटका बसतो, गाडी क्लच दाबूनहि पुढें ओढते, अशी तक्रार असल्यास गियरबॉक्सला हात लावूं नये. आधीं क्लचची केबल पाहावी. मुठीजवळ दांडीला सुमारें २ ते ३ मिलिमीटर ढिलाई असावी. ढिलाई फार असली तर क्लच पुरता सुटत नाहीं. मुळींच नसली तर तो पुरता धरत नाहीं व चढावर इंजिन ओरडतें पण गाडी चढत नाहीं. रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा एकमेकींस चिकटतात; यासाठीं सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं क्लच दाबून दोनचार वेळां किक फिरवावी. केबल ठीक असूनहि ओढ राहिली तर प्लेटा वांकल्या असतील, अथवा प्लेटांच्या पाकळ्यांनीं क्लचच्या वाटींत खांचा पाडल्या असतील.

क्लच घसरणें व गियर सुटणें या दोन्हीं वेळीं इंजिन एकाएकी मोकळें ओरडतें, म्हणून नवशिका फसतो. भेद असा : गियर सुटला असेल तर मूठ सोडून पुन्हां पिळल्यावरहि गाडीला जोर मिळत नाहीं, दांडा पुन्हां टाकावा लागतो. क्लच घसरत असेल तर मूठ सैल करतांच तो पुन्हां धरतो.

३. दांडा. दांडा जागीं परत न येतां लोंबत राहिला तर त्याची परत आणणारी स्प्रिंग तुटली किंवा निसटली आहे. दांडा फिरतो पण आंत कांहींच घडत नाहीं असें असल्यास दांड्याचा बोल्ट सैल होऊन आंतील बारीक खांचा झिजल्या आहेत काय तें पाहावें. हा बोल्ट दर महिन्यास आंवळून पाहावा. किक व गियर दोहोंचा भार त्यावर येत असल्यामुळें तो लौकर सैल होतो.

४. गियर सुटणें. बाहेरची अडचण नाहीं, दांडा पुरता जातो, आणि तरीहि एकच ठराविक गियर खालून-वरून कसाहि आला तरी सुटतो, तेव्हां मात्र त्या गियरचे खुंटे गोल झाले आहेत किंवा फोर्क वांकला अथवा झिजला आहे असें समजावें. सर्वच गियर सुटत असतील तर त्यांना जागीं धरून ठेवणारी खटक्याची स्प्रिंग मऊ पडल्याचा संशय घ्यावा. खुंटे गोल झालेल्या गियरसमवेत त्याचा जोडीदारहि बदलावा. नवा व जुना एकत्र नांदत नाहींत.

५. आवाज. गाडी न्यूट्रलमध्यें सुरू ठेवून क्लच दाबावा. घरघर थांबली तर ती गियरबॉक्सच्या दंडाच्या बेअरिंगची असण्याचा संभव अधिक. थांबली नाहीं तर ती इंजिनाच्या किंवा इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या बाजूची. चालतांना आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर न वाढतां चाकाच्या वेगाबरोबर वाढत असेल तर आधीं मागची चेन पाहावी. जुन्या जावाची चेन पत्र्याच्या आवरणांत झांकलेली असल्यामुळें ती कोणी पाहत नाहीं, आणि तिची खडखड गियरबॉक्सच्या नांवावर खर्ची पडते. एकाच गियरमध्यें आवाज येत असेल तर त्या जोडीचे दांते तपासावे.

६. गळती. पुढच्या चेनचक्रामागील सील वर्षानुवर्षें तापून कडक होतें व तेथून तेल चेनच्या आवरणांत जातें. सील बदलण्यापूर्वीं गियरबॉक्सचें हवा जाण्याचें छिद्र मातीनें बुजलेलें नाहीं ना तें पाहावें. तें बुजलें असतां आंतील हवा तापून फुगते व नवें सीलहि गळूं लागतें.

केव्हां थांबावें

तेलांत धातूचे मोठे तुकडे मिळाले, किंवा चालतांना आंतून ठोका बसून चाक क्षणभर अडल्यासारखें वाटलें, तर गाडी तेथेंच थांबवावी. तुटलेला दांता दोन चक्रांमध्यें सांपडल्यास मागचें चाक एकदम जाम होतें. अशा वेळीं तात्काळ क्लच दाबावा. त्या स्थितींत गाडी ढकलीत नेण्याची लाज वाटूं नये. गियर सुटत असलेल्या गाडीवर ओझें बांधून चढाला लागूं नये, आणि मागें मुलांबायकांस तर मुळींच बसवूं नये. आमच्या घरचा घोटा जुळला. प्रत्येकाचा जुळेलच असें नाहीं.

गियरबॉक्स उघडण्याचें काम मात्र जाणत्या मिस्त्रीचें आहे. आपण त्याच्याकडे जावें तें वही घेऊन जावें. "आवाज येतो, पाहा," असें सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला सबंध संच बदलून मिळतो. "दुसराच सुटतो, मूठ पिळल्यावरच सुटतो, तेलांत इतके कपचे निघाले," असें सांगणाऱ्याला एक जोडी बदलून मिळते. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा व तो खरोखर झिजला होता कीं नाहीं तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. काढलेलें तेल विहिरीजवळ, ओढ्यांत अथवा बांधावर ओतूं नये. डब्यांत भरून तेल जमा करणाऱ्याकडे द्यावें.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द

महसूल खात्याची संवय सुटत नाहीं म्हणून एवढें सांगतों. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ४१ अन्वयें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते व तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठीं वाढवून मिळते. पुष्कळ शेतकऱ्यांच्या जुन्या गाड्या ही मुदत संपूनहि चालूं असतात. अपघात झाला म्हणजे हें उघडकीस येतें व विम्याचा प्रश्न उभा राहतो. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करतां येते. परंतु तशी नोंदलेली गाडी रोजच्या कामाला चालवितां येत नाहीं. ज्यांना गाडी शेतावर न्यावयाची आहे त्यांनीं त्या मानाच्या मोहांत न पडतां साधी नोंदणीच वाढवून घ्यावी.

असो. आमची वही अद्याप गोठ्यांतील खुंटीला टांगलेली आहे. तींत आतां पुतण्या नोंदी करतो, आणि गाडी कोणाच्याहि हातून पडली तर ती नोंदहि त्याच दिवशीं तींत करावी, असा नियम आम्हीं घरांत केला आहे. तो नियम प्रथम मला लागू आहे.